एकाग्रतेचे संगीत आणि दार नसलेली खोली

मनाला विसावा देणारे आणि चित्त एकाग्र करणारे संगीत हा आता संगीताचा एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. असे संगीत मुद्दाम रचणारे संगीतकार आहेत, ते विकणाऱ्या कंपन्या आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत मोबाइलवर ते लावून पुस्तकासमोर बसणारी मुले घरोघर आहेत. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील मुले मला विचारतात, "सर, हे ऐकून खरेच अभ्यास होतो का?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे तर संगीताच्या बाहेरही थोडे जावे लागते. म्हणून हा लेख.

आपल्या चळवळीत संगीताचा विचार झाला तो मुख्यतः जलसा, शाहिरी आणि भीमगीते यांच्या अंगाने. ते स्वाभाविकच होते. ज्या समाजाला जागे करायचे होते त्याच्या हाती गाणे हे हत्यार होते. त्यामुळे माणसाला स्वस्थ करणाऱ्या संगीताकडे आपण थोड्या संशयानेच पाहत आलो. स्वस्थ करणे आणि झोपवणे यांत अंतर फार नसते, हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे. हा संशय टाकून द्या, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या मुलीला उद्या सकाळी पेपर लिहायचा आहे तिला आज रात्री चार तास चित्त स्थिर हवे, हीसुद्धा चळवळीचीच गरज आहे. शिकण्याचा आदेश आपण भिंतीभिंतींवर लिहितो. त्या आदेशाला लागणारी स्वस्थता कोठून आणायची, हे मात्र आपण फारसे बोललो नाही.

पहिल्याने हे संगीत रचतात कसे ते पाहू. त्याचे नियम गूढ नाहीत. एक, लय सावकाश असावी. मिनिटाला साठ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याइतकी किंवा त्याहून मंद. दोन, आवाजात एकदम चढउतार नसावा. अचानक आलेला मोठा आवाज शरीराला धोक्याची सूचना वाटतो आणि माणूस दचकतो. तीन, शब्द नसावेत. चार, पुढे काय होणार याची उत्सुकता लावणारी चाल नसावी. जी चाल आपल्याला समेची वाट पाहायला लावते ती आपले लक्ष स्वतःकडे ओढते. पाच, एखादा स्वर खाली अखंड भरलेला असावा. इंग्लंडमधील मार्कोनी युनियन या वाद्यवृंदाने २०११ साली ध्वनिउपचाराच्या जाणकारांच्या सल्ल्याने सुमारे आठ मिनिटांची एक रचना केली. तिची लय साठ ठोक्यांपासून सुरू होऊन हळूहळू पन्नासपर्यंत उतरते. ऐकणाऱ्याचा श्वास आणि नाडी लयीच्या मागोमाग खाली यावी, हा त्यामागचा हिशेब.

या कल्पनेचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. फ्रान्समध्ये एरिक साती या संगीतकाराने १९२० साली पॅरिसमध्ये एक प्रयोग केला. नाटकाच्या मध्यंतरात त्याने असे संगीत वाजवले की जे खुर्ची-टेबलासारखे खोलीत नुसते असावे. कोणी मुद्दाम ऐकू नये. लोक सवयीप्रमाणे गप्प बसून ऐकू लागले, तेव्हा तो त्यांना बोला, हिंडा, ऐकू नका, असे सांगत फिरला. पुढे १९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणात पडला होता. खोलीत वीणेसारख्या हार्प या वाद्याची तबकडी लागलेली, आवाज अगदीच कमी, आणि उठून तो वाढवण्याची शक्ती नाही. त्या अवस्थेत पावसाच्या आवाजात मिसळलेले ते सूर ऐकताना त्याला या प्रकारची वाट सापडली. १९७८ साली त्याने विमानतळासाठी म्हणून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिची युक्ती समजायला सोपी आहे. दोन नळ ठिबकत आहेत, एक दर तेवीस सेकंदांनी आणि दुसरा दर एकोणतीस सेकंदांनी, अशी कल्पना करा. दोन्हींचा आवाज आपल्याला ओळखीचा असतो, पण ते एकत्र येण्याची वेळ पुन्हापुन्हा बदलते. ईनोने वेगवेगळ्या लांबीच्या ध्वनिफितींची टोके जोडून त्या अशाच एकत्र फिरवल्या. ओळख कायम राहते, त्यामुळे मन दचकत नाही. आणि नेमकी पुनरावृत्ती होत नाही, त्यामुळे कंटाळत नाही.

या नव्या पाश्चात्त्य प्रवाहाच्या मुळाशी आपला तंबोराही आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे तेथील प्रयोगशील संगीतकार त्यांचे शिष्य झाले. एकच स्वर तासन् तास भरून ठेवण्याचे जे संगीत त्यांनी केले, त्याला तंबोऱ्याच्या या सहवासाने बळ मिळाले. असे तंबोरे मिरजेत बनतात, पंढरपूरच्या परिसरात पिकणाऱ्या भोपळ्यांपासून. म्हणजे परदेशी नावाने आज आपल्या मोबाइलवर येणाऱ्या या वस्तूत आपल्या मातीचाही भाग आहे.

आता या संगीताने खरोखर काय होते? शास्त्रज्ञांनी केलेल्या कामातून काही गोष्टी बऱ्याच स्पष्ट झाल्या आहेत. १९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी दाखवले की, डोळ्यांनी वाचलेली अक्षरे लक्षात ठेवताना मागे कोणी बोलत असेल तर स्मरण बिघडते. ती भाषा न समजणारी असली तरीही बिघडते. पुढे सालामे आणि बॅडली यांनी १९८०च्या दशकात हेच काम वाढवले. शब्द असलेले गाणे नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा स्मरणाला जास्त अडवते, असे त्यांना आढळले. तात्पर्य, अभ्यासाला मारतो तो शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवरचा संवाद. पंख्याची घरघर त्या मानाने निरुपद्रवी आहे. एकसारख्या, अर्थहीन आवाजाने हा संवाद झाकता येतो. एकाग्रतेच्या संगीताचा मोठा उपयोग हाच आहे. ते बुद्धी वाढवत नाही. बाहेरचे बोलणे झाकते.

बुद्धी वाढवण्याचा दावा मात्र फार गाजला. १९९३ साली अमेरिकेत छत्तीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांचे गुण वाढले. पण तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला. एवढ्याशा पायावर केवढी इमारत उभी राहिली पाहा. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अशा संगीताची तबकडी पोचावी म्हणून एक लाख पाच हजार डॉलरची तरतूद मागितली. गरीब मुलाला चांगली शाळा देण्यापेक्षा तबकडी देणे कोणत्याही सरकारला स्वस्त पडते. हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

इटलीतील डॉक्टर लुचियानो बर्नार्दी यांची दोन कामे मला जास्त महत्त्वाची वाटतात. २००१ साली त्यांनी तेवीस माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय व रक्तदाब यांची आंदोलने त्याच्याशी जुळली. यात देवाचा किंवा चमत्काराचा संबंध नाही. ओळ जेवढी लांब, श्वास तेवढा लांब. आपण विहारात त्रिसरण-पंचशील सावकाश, एका आवाजात म्हणतो तेव्हा मन निवते, त्याचे एक साधे शारीरिक कारण येथे सापडते. दुसरे काम २००६ सालचे. चोवीस तरुणांना त्यांनी सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात एक राग होता आणि रॅपही होते. लय जलद झाली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत; मग ते संगीत आवडो की न आवडो. परंतु सर्वांत जास्त विसावा मिळाला तो मध्ये अचानक ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. त्या वेळी शरीर संगीतापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली, जास्त शांत झाले. याचा अर्थ असा की, अशा संगीताचे काम माणसाला शांततेच्या दारापर्यंत नेणे हे आहे. मिळते ते शांततेतच.

पण शांत कोणी व्हायचे, एकाग्र कशावर व्हायचे, आणि हे ठरवायचे कोणी? येथून प्रश्न सामाजिक होतो.

१९४० साली, युद्धाच्या काळात, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी रोज दोन वेळा अर्धा अर्धा तास संगीत सुरू केले. काम करताना उत्साह टिकावा आणि उत्पादन वाढावे, हा हेतू उघड होता. त्याचे नियमही ठरलेले होते. फार संथ चाल नको; आवाज एकदम लहान नको, कारण यंत्रांत ऐकू येत नाही. एका लोकप्रिय गाण्यात टाळ्यांची जागा होती. कामगार हत्यार खाली ठेवून टाळ्या वाजवतात किंवा पान्याने यंत्रावर ठोके देतात म्हणून ते गाणे वगळले गेले. अमेरिकेत म्युझॅक नावाच्या कंपनीने हेच शास्त्र पुढे नेले. पंधरा मिनिटे क्रमाक्रमाने चढत जाणारे संगीत, मग पंधरा मिनिटे काहीच नाही. दिवसातल्या ज्या वेळी माणूस थकतो त्या वेळी चढण जास्त. येथे एकाग्रता कामगाराची होती, पण तिची मालकी दुसऱ्याची होती.

आपल्या गिरणगावात असे संगीत आल्याचे ऐकिवात नाही. तेथे यंत्रांचाच आवाज होता. साचेखात्यातल्या माणसाला शेजारच्याशी ओठांच्या हालचालीने आणि खुणांनी बोलावे लागे. त्या खात्यात मजुरी चांगली होती. पण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तेथे प्रवेश नव्हता. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला होता. म्हणजे गोंगाटाच्या खात्यांचीही जातवार वाटणी झालेली होती. जानेवारी १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. अशा मॉलमध्ये मंद संगीत चालू असते. ते गिऱ्हाइकाची पावले रेंगाळावीत म्हणून असते. जेथे आमच्या आधीच्या पिढ्यांचे कान गेले तेथे आता कानांचे लाड होतात, एवढीच प्रगती.

कामाला जोडलेले संगीत आपल्याकडे दुसऱ्याही रूपात होते आणि ते फार जुने आहे. ते म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रातील हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक दलित बायांच्या आहेत आणि बाबासाहेबांवर आहेत. आपण आजवर त्यांचे शब्द वाचले. त्यांची रचना ऐकली तर एकाग्रतेच्या संगीताचे जवळजवळ सगळे नियम तेथे सापडतात. जात्याची घरघर हा अखंड स्वर. तळीच्या फेऱ्यांची एकसारखी लय. चाल थोडक्या सुरांची, पुन्हा पुन्हा येणारी. ओळ श्वासाइतकी लांब. फक्त शब्दांचा नियम बाईने मोडला आहे, कारण तिला हातांसाठी एकाग्रता हवी होती आणि मनासाठी वाट. दळण दुसऱ्याने लादलेले होते, पण ओवी तिची होती. बीबीसीच्या प्रयोगात आणि ओवीत हा जो फरक आहे तो मला निर्णायक वाटतो.

आणखी एक गोष्ट. 'शांत संगीत' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोणती वाद्ये येतात? बासरी, संतूर, सतार, तंबोरा. हलगी, डफ, ढोलकी येत नाहीत. त्यांचा आवाज हा गोंगाट, असे आपण शाळेपासून शिकतो. कातड्याच्या वाद्यांचे कातडे कमावणारे हात कोणाचे आणि ते वाद्य मैफलीत घेऊन बसणारे कोण, याची चर्चा दक्षिणेत टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्यांवरील आपल्या २०२०च्या पुस्तकात केली आहे. आपल्याकडे हलगी हे गावकामाचे, म्हणजे वेठीचे वाद्य होते. पुढच्या मिरवणुकीत दुसऱ्याचा देव, दुसऱ्याचा नवरदेव, आणि वाजवणारा बाजूला. म्हणून धर्मांतराच्या काळात अनेकांनी वाजवणे सोडले, आणि ते योग्यच होते. वेठ सुटली हे चांगले झाले. वाद्यावर बसलेला शिक्का मात्र राहिला. हलगी बोटांच्या टोकांनी, मिनिटाला पन्नास ठोके अशी वाजवून पाहा. तिच्याइतका खोल आणि उबदार आवाज थोड्याच वाद्यांत आहे.

धम्माची या बाबतीत काय भूमिका आहे? उपोसथाच्या दिवशी पाळायच्या अष्टशीलात सातवे शील नाच, गाणे आणि वादन यांपासून दूर राहण्याचे आहे. सत्यनारायण गोयंका यांनी इगतपुरीला १९७६ साली विपश्यनेची जी शिबिरे सुरू केली, त्यांतही ध्यानाला संगीताची साथ नाही; श्वासच पुरेसा मानला आहे. म्हणून बाजारात 'बुद्धाचे ध्यानसंगीत' या नावाने जे विकले जाते ते बुद्धाच्या शिकवणीतले आहे असे समजण्याचे कारण नाही. तरीही बुद्धाला वाद्य परके नव्हते. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करत होता. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धाने त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का, आणि फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हीला नाही, असे उत्तर आल्यावर प्रयत्नही तसाच मधल्या ताणाचा हवा, हे त्याने समजावले. एकाग्रतेची यापेक्षा चांगली व्याख्या मला माहीत नाही. आमच्या मुलांच्या तारा फार ताणलेल्या आहेत. त्या थोड्या उतरवण्यापुरते संगीत घ्यायला हरकत नसावी.

आता मूळ अडचणीकडे येऊ. चित्त एकाग्र होते ते कोठेतरी बसून. बाबासाहेबांच्या चरित्रात हे पानोपानी दिसते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसाराचे सगळे सामान आणि माणसे. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत, रात्री दोनला उठवत, आणि मग त्याच्या जागी स्वतः झोपत. शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांची नजर त्याच्यावर तेथेच पडली. पुढे परदेशातून पदव्या घेऊन आलेला हा विद्वान १९३४पर्यंत परळच्या बी. आय. टी. चाळीतच राहिला, आणि मग दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. शांतता घरात मिळाली नाही म्हणून ती रात्रीतून काढली, बागेतून काढली, आणि अखेर विटांनी बांधली. उत्तरायुष्यात ते व्हायोलिन शिकले; ते व्हायोलिन पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात जपलेले आहे. ज्याने आयुष्यभर गोंगाटात वाचन केले, त्याला स्वतःच्या हातांनी एक सूर काढावासा वाटला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

शांतता ही मुंबईत कायद्याचीही बाब आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० अशी मर्यादा आहे. रात्री ती अनुक्रमे ७०, ५५, ४५ आणि ४०. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र ठरवले. तेथील रहिवाशांनी त्यासाठी न्यायालयात धाव घेतली होती. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सभांच्या कर्ण्यांनी कोणाचेही कान किटतील. पुढे २०१७ साली नियमांत दुरुस्ती झाली, आणि राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय शांतता क्षेत्र मानता येणार नाही असे ठरले. म्हणजे शांतता ही अर्ज, वकील आणि राजपत्र यांतून मिळणारी वस्तू आहे. ज्यांना हे तिन्ही परवडते त्यांच्या खिडकीपर्यंत ती पोचते. रेल्वेच्या रुळांना लागून, हमरस्त्याच्या पुलाखाली, कारखान्याच्या भिंतीला टेकून ज्यांची घरे आहेत, त्यांच्यापैकी कोणी शांततेसाठी न्यायालयात गेला आहे का? त्यांची पहिली लढाई घर टिकवण्याची असते.

याच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी आणि माझे काही विद्यार्थी रविवारी सकाळी जमत असू. ही मुले-मुली शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांतून येत. बहुतेकांच्या घरात कॉलेजात जाणारे ते पहिलेच. माझ्याही घरात पदवी पहिल्यांदा माझ्याच नावाने आली, त्यामुळे त्यांची अडचण मला समजावून सांगावी लागत नव्हती. आपणच आपल्यासाठी अभ्यासाचे संगीत रचून पाहावे, असे आम्ही ठरवले. पैसे लागणार नव्हते. मोबाइलवर आवाज टिपता येतो, आणि ते एकावर एक बसवण्याची साधने फुकट मिळतात.

पहिला थर समुद्राचा घेतला. कट्ट्यापासून चालत चैत्यभूमीच्या मागच्या किनाऱ्यावर जाऊन पहाटे लाटा टिपल्या. ६ डिसेंबरला तेथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी पहाटे चार-दोन माणसे असतात. त्या दिवशी एक लाट येऊन परत जायला दहा सेकंदांच्या आसपास लागत होते. मिनिटाला सहा, म्हणजे बर्नार्दींच्या त्या संथ श्वासाइतकेच. दुसरा थर जात्याचा. एका विद्यार्थ्याने गावी जाऊन आजीचे जाते फिरवून घेतले आणि त्याची घरघर आणली. आजी सवयीने गायला लागली. ती ओवी आम्ही वेगळी जपून ठेवली, पण या रचनेत घेतली नाही, कारण शब्द नको होते. तिसरा थर एकतारीचा, एकाच स्वरावर. चौथा थर हलगीचा, बोटांनी, अगदी विरळ. एकतारीचा तुकडा एकोणीस सेकंदांचा आणि हलगीचा सदतीस सेकंदांचा ठेवला, म्हणजे दोन्ही एकत्र येण्याची जागा सारखी बदलत राहील. सगळे मिळून चाळीस मिनिटे. शेवटी एकेक थर काढत नेला. आधी हलगी, मग एकतारी, मग जाते. उरला समुद्र, आणि शेवटची दोन मिनिटे काहीच नाही.

ऐकून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, छान आहे. पण मला कानात घालून बसता येत नाही. पाणी आलेले कळत नाही. आईने हाक मारली आणि मी ओ दिली नाही, तर अभ्यास बाजूलाच राहतो." तिच्या या दोन वाक्यांनी आमची सगळी दिशा बदलली. विकले जाणारे एकाग्रतेचे संगीत हे एकट्या कानासाठी रचलेले असते. स्वतंत्र खोली आहे, कोणी हाक मारणार नाही, नळाला चोवीस तास पाणी आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. जिच्या खोलीला दार नाही, तिने कान बंद करणे हे घरात भांडणाचे कारण होते.

मग तीच रचना मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी लावायचे ठरले. घरातल्यांशी आधी बोलायचे: हे वाजत आहे तोवर टीव्ही लहान, आणि हाक फक्त अगदी गरजेची. समुद्राचा आवाज एकटा राहिला की वेळ संपत आली असे समजावे. काही घरांत हे जमले, काही घरांत नाही. जेथे जमले तेथे आईसुद्धा भाजी निवडताना तेवढा वेळ गप्प बसू लागली, असे मुलांनी सांगितले. एकाने सांगितले की त्याच्या आजीला जात्याचा आवाज ऐकून बरे वाटत नाही. तिला सासुरवास आठवतो. त्याच्यासाठी तो थर काढून टाकला. आवाजाला प्रत्येकाचा इतिहास चिकटलेला असतो, हे त्यातून कळले. सर्वांना सारखेच शांत करणारे संगीत असू शकत नाही, आणि जे तसे म्हणून विकले जाते त्यात कोणाचा तरी अनुभव सर्वांचा म्हणून खपवलेला असतो.

या कामातून मला मिळालेले उत्तर असे. एकाग्रतेचे संगीत हे ज्याच्या खोलीला दार नाही त्याने आवाजाचे केलेले दार आहे. सूर कोणते, लय किती, हे महत्त्वाचे आहेच. पण हा वेळ माझा आहे आणि घराने तो मान्य केला आहे, ही खूण त्याहून महत्त्वाची आहे. ती खूण ओळखीच्या, आपल्याच आवाजांनी केली तर घर ती लवकर स्वीकारते. म्हणून असे संगीत कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीवस्तीत, त्या त्या मुलांकडूनच रचून घ्यावे. त्याला संगीताचे शिक्षण लागत नाही. कान लागतो, आणि थोडा धीर.

तरीही आवाजाचे दार हे खऱ्या खोलीची जागा घेऊ शकत नाही. जॉर्जियाच्या तबकड्या आठवा. मुलांच्या हाती ध्वनिफीत देऊन आपली जबाबदारी संपली असे कोणालाही, आपल्यालाही, म्हणता येणार नाही. महानगरपालिकेच्या अभ्यासिका वस्तीत हव्यात आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या हव्यात, ही मागणी पाण्याच्या आणि शौचालयाच्या मागणीइतकीच निकडीची आहे. आपल्या विहारांत संध्याकाळच्या वंदनेनंतर दिवे मालवले जातात. ते चालू ठेवणे तर आपल्याच हातात आहे. आणि एक गोष्ट आपल्या माणसांना सांगितली पाहिजे, ती कटू असली तरी. १४ एप्रिल येतो तो परीक्षांच्या दिवसांत. ज्या रात्री आपण बाबासाहेबांच्या नावाने भिंती हादरवणारे ध्वनिक्षेपक लावतो, त्या रात्री त्याच गल्लीत कोणी मुलगी कानांवर हात ठेवून वाचत असते. जयंती वाजतगाजत व्हावी. ती आपल्या स्वाभिमानाची मिरवणूक आहे. पण रात्री दहानंतर कर्णे बंद करण्यासाठी आपल्याला पोलिसांची वाट पाहावी लागू नये.

माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला मी आता असे उत्तर देतो: संगीताने अभ्यास होत नाही, अभ्यास तुम्हीच करता. संगीत तुमच्याभोवती थोडी जागा करते. ती जागा करायला शिका, घराला ती मानायला लावा, आणि जी जागा विटांनी बांधायला हवी ती मागत राहा.